हिंगणघाटचं पाखरू

"आता त्यांना जे आवडतं ते खाऊ-पिऊ द्या," डॉक्टर म्हणाले. "पाण्याचंही बंधन नको."

सावंगीच्या दवाखान्यातल्या व्हरांड्यात जयवंता आणि तिची मुलगी आकांक्षा उभ्या होत्या. आत वॉर्डात जयवंताचे यजमान रूपराव पडून होते. सकाळी डायलिसिसला घेतलं तेव्हा रक्तदाब इतका खाली गेला, की मशीन मधेच थांबवावं लागलं. आता शरीराला ते सोसणार नाही, पुन्हा लावण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं होतं.

जयवंतानं पाण्याचं तेवढं धरलं.

"पाह्य, पान्याची मनाई उठवली," ती म्हणाली. "आता त्याईले पाखरू पाजतो."

"आई, डॉक्टर काय म्हनले, समजलं का तुले?"

"रोशनले बोलाव," जयवंता म्हणाली.

पाखरू म्हणजे लिंबाचा मसाला सोडा. हिंगणघाटात रेल्वे रुळांच्या पलीकडे एका टिनाच्या शेडमध्ये तो बनतो आणि आसपासच्या गावांपलीकडे कुठे मिळत नाही. बाटलीवर हिरवा पक्षी. रूपराव जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या धुळीनं घसा धरला की त्यांना तोच लागायचा. आकांक्षाच्या लग्नात नागपूरच्या वऱ्हाड्यांनी मोठ्या कंपनीचं थंड मागितलं, तर हे मांडवातच अडून बसले. "नागपूरले मेट्रो असन, पाखरू हाये का?" म्हणाले. व्याह्यांनी नाक मुरडून पहिला घोट घेतला आणि मग दुसरी बाटली मागितली. ती गोष्ट ते येईल त्याला सांगत.

किडन्या गेल्या आणि सगळं बंद झालं. दिवसाचं पाणी जयवंता पेल्यानं मोजून देई. हिंगणघाटच्या उन्हाळ्यात, जीभ टाळूला चिकटलेली असताना, रूपराव अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवत, "एवढुसंक दे व." ती द्यायची नाही. एकदा त्यांनी चोरून आणलेली बाटली तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतली. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. ती मात्र मुकाट्यानं पेला मोजत राहिली.

रोशन आला तेव्हा आकांक्षानं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग डोळे पुसून आईजवळ आला.

"लिंबू सोडा तर खालच्या कँटीनमदी भेटते, आई. हिंगणघाटले जाऊन येतपर्यंत..."

"ते नको," जयवंता म्हणाली. "त्याईले वळखू येते. बापाले फसवू नको."

तो मोटरसायकल घेऊन गेला. परतला तेव्हा उन्हं कलली होती. बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेल्या बाटल्या त्यानं आईच्या हातात दिल्या.

जयवंतानं रूपरावांना उशीला टेकवून बसवलं. झाकण उघडताना फस्स आवाज झाला आणि त्यांनी डोळे उघडले. बाटलीकडे पाहिलं, मग सवयीनं तिच्याकडे.

"प्या," ती म्हणाली.

"किती?"

"लागन तेवढं."

तिनं भरून दिलेला पेला रूपरावांनी हातात घेतला. तिनं तो खालून धरला. पहिला घोट त्यांनी कितीतरी वेळ तोंडातच ठेवला. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. मसाल्याचा ठसका असेल म्हणून आकांक्षानं त्यांची पाठ चोळली.

"आज काऊन दिलं व?" त्यांनी विचारलं.

जयवंतानं चादर सारखी केली. "डाक्टरनं सांगतलं."

"असं."

रूपराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आणखी एक घोट घेतला. तो जेमतेम उतरला. पेला अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

बाजूच्या खाटेवर देवळीकडचे सदाशिवराव होते. तेही डायलिसिसवरच. ते मघापासून पेल्याकडे बघत होते. रूपरावांनी पेला तिकडे केला.

"घ्या भाऊ. आमच्या हिंगणघाटचा माल हाये. असा कुठीच भेटत नाई."

सदाशिवरावांनी हात पुढे केला. त्यांच्या बायकोनं तो मनगटाशी धरला.

"नोका देऊ जी, त्याईले मनाई हाये."

"एका घोटानं काय होते?" सदाशिवराव चिडले.

"गुमान बसा," ती म्हणाली. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. मग ती जयवंताकडे वळली. तिचा चेहरा पडला होता. "लय तरसते वो बाई. माह्याच्यानं पाहवत नाई. तुमच्यासारखी आमचीबी मनाई एकडाव उठली पाह्यजे, मंग पोटभर पाजीन."

जयवंतानं रूपरावांच्या हातातून पेला घेतला. पदरानं त्यांचे ओठ टिपले. मग ती उठली आणि त्या बाईचा हात, नवऱ्याचं मनगट धरलेला तो हात, आपल्या दोन्ही हातांनी तिथंच दाबून धरला.

"असं नोका म्हनू, माय," ती म्हणाली. "राहू द्या मनाई."