हिरवा ठिपका

हर्षा चंद्रपूरच्या कार्यालयात नेटवर्क सांभाळायची, नवरा राजदीप मोहर्लीकडच्या वनचौकीत कॉम्प्युटर चालवायचा. तिथे मोबाईलला रेंज नव्हती. रोज दहाला हर्षाच्या पडद्यावर चौकीतल्या मशीनचा ठिपका हिरवा झाला, की जंगलातून मोटारसायकल नीट पोचली समजायचं. एक दिवस ठिपका हिरवा झालाच नाही. मोटारसायकल रस्त्यात सापडली. राजदीपच्या मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन आटोपून ती कामावर आली, तर दहाला ठिपका हिरवा. राजदीपच्या जागेवर आलेल्या माणसाचा मेसेज होता, “म्याडम, मशीनवर जुन्याच माणसाचं नाव दिसून राह्यलं. बदलवून द्या.” तिने नाव बदललं, मशीन रिस्टार्ट केली. ठिपका विझला. पुन्हा हिरवा होईपर्यंत ती सवयीने बघत राहिली. “झालं म्याडम. इथून फोन लागत नाई. बायकोले पोचलो म्हून सांगाल काय?” खाली नंबर होता. तिने लावला. पहिल्याच घंटीला उचलला. “पोचले ते,” हर्षा म्हणाली.