घरची अडचण

"तुझी घरची अडचण काय?" शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या मॅडमनी भिंगरीला विचारलं.

"अडचण काही नाही. फक्त कॉलेजची फी भरायला पैसे नाहीत."

"ती काय अडचण झाली? ती इथे सगळ्यांनाच आहे."

स्टेजमागची खोली मुलींनी गजबजली होती. मुलींच्या शिष्यवृत्तीची ही शेवटची फेरी. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली. आता देणगीदारांपुढे उभं राहून स्वतःविषयी बोलायचं आणि त्यांनी गुण द्यायचे. भिंगरी पुलांविषयी बोलणार होती. पूल बांधणारी इंजिनियर व्हायचं, हे तिच्या मनाने कधीचंच घेतलं होतं. आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून तिने एक पूल केला होता आणि त्यावर शेजारच्या काकूंना उभं केलं होतं. काकू अंगाने चांगल्या भरलेल्या. पूल हललासुद्धा नाही, घाबरल्या त्या काकूच. तोच पूल वर्तमानपत्रात गुंडाळून तिने आज सोबत आणला होता.

"पुलाचं नंतर," मॅडमनी हात झटकला. "लोकांच्या काळजाला आधी काहीतरी भिडावं लागतं. त्या पहिलीचे वडील वारलेत. त्या कोपऱ्यातलीला सावत्र आई छळते. तुझं काय? वडील अधूनमधून घेत असतील की!"

"घेतात. चहा."

मागच्या दोघी फिस्सकन हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी निवेदिकेला हाक मारली आणि भिंगरीच्या देखत तिला सांगितलं, "हिचे वडील व्यसनी. घरात रोज मारहाण. तरी पोरगी शिकली." मग भिंगरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू फक्त मान खाली घालून उभी राहा. तुझ्याच भल्याचं आहे."

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने जन्मात दारूच्या दुकानाची पायरी चढली नाही, तो एका क्षणात दारुडा? बायकोवर हात टाकणारा? उचलली जीभ, लावली टाळ्याला! आणि ह्याच बाई मघाशी माइकवरून मुलींच्या स्वाभिमानाबद्दल तासभर बोलल्या होत्या.

ती पूल काखेत मारून तरातरा बाहेर आली. व्हरांड्यात बाबा उभे होते. बाबा एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करतात. आज रजा टाकून आले होते.

"चला घरी," ती म्हणाली.

"का गं? नंबर झाला तुझा?"

तिने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चिरकला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, कान खाजवला आणि म्हणाले, "म्हणू दे की. म्हटल्याने थोडीच चढते?"

"बाबा!"

"अगं, मला इथे ओळखतंय कोण? अडला हरी गाढवाचे पाय धरी. तुझं कॉलेज होऊ दे. मग सांगू सगळ्यांना, बापाने दारू सोडली म्हणून." स्वतःच्याच विनोदावर ते हसले. भिंगरी हसली नाही.

"आणि आईला मारता म्हणून सांगणार आहेत, ते?"

बाबांचं हसू मावळलं. "तुझ्या आईला समजावेन मी," ते म्हणाले.

"मी खरं तेच बोलणार आहे."

"बोल बाई. पण मग फीचं काय करायचं, तेही ठरव." एवढं बोलून ते सभागृहात जाऊन बसले. फीचं काय करायचं, हे भिंगरीला खरंच माहीत नव्हतं. तरीही तिने नाव पुकारल्यावर स्टेजवर जायचं ते खरं बोलायलाच, असं दात-ओठ खात ठरवलं.

"व्यसनी पित्याची दहशत, आईचे हुंदके..." निवेदिकेने गळा दाटून आणला. पहिल्या रांगेतून चुकचुकण्याचा आवाज आला.

भिंगरीने पूल स्टेजवरच्या टेबलावर ठेवला आणि निवेदिकेच्या हातातला माइक जवळजवळ हिसकावला.

"हे साफ खोटं आहे! माझे बाबा दारू पीत नाहीत. कधीच प्यायले नाहीत. आईवर त्यांनी साधा आवाजसुद्धा चढवलेला नाही. ते इथेच बसलेत. तिसऱ्या रांगेत. बघा तुम्हीच!"

तिने बोट दाखवलं. दिवेवाल्याने तत्परतेने दिव्याचा झोत तिकडे वळवला. सगळ्या माना वळल्या.

घरून निघताना पाणी लावून चापून बसवलेले केस बाबांनी विस्कटून टाकले होते. शर्टाची वरची बटणं उघडी, एक बाही वर आणि एक खाली. लेकीचं नुकसान व्हायला नको, म्हणून हनुवटी छातीवर टाकून ते खुर्चीत वेडेवाकडे पसरले होते. झोत अंगावर पडताच ते जरासे डुललेही.

मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

"बघा ना, तरीसुद्धा पोर बापाला किती सांभाळून घेते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. मॅडम विंगेतून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होत्या. टेबलावरच्या पुलाकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

"अहो, ते पीत नाहीत!" भिंगरी माइकमध्ये किंचाळली. टाळ्या आणखी वाढल्या.

तिसऱ्या रांगेत बाबांनी हळूच एक डोळा उघडला. टाळ्या वाजतायत हे पाहिलं आणि समाधानाने मान पुन्हा खाली टाकली.