कमरेचा पट्टा

सिडनीच्या पुलाच्या कमानीवर नेण्याआधी आम्ही गाइड प्रत्येकाला नळीत फुंकायला लावतो. प्यायलेला माणूस खालीच राहतो. नोरीननं फुंकलं आणि लाल दिवा लागला.

"सुट्टीतही लाज काढलीस," तिच्या नवऱ्यानं, ग्लेननं, तिचं मनगट पिरगाळलं. "खाली आलो की दात पाडतो." मग कमरेचा पट्टा कमानीभर जाणाऱ्या सुरक्षा-तारेत अडकवून तो माझ्यामागे चढला.

माथ्यावरून त्याला फेरीबोटीत तिचा पिवळा कोट दिसला. सोबत दोन्ही मुलं आणि सगळ्या बॅगा.

"पण ती तर थेंबभरही पीत नाही," पट्ट्याला हिसके देत तो गुरगुरला आणि त्यानं माझी गचांडी धरली. "काढ हा पट्टा."

"खाली पोचेपर्यंत तो सुटत नाही, मित्रा."



मग मी सगळ्यांना आणखी एका फोटोसाठी थांबवलं.