दौलतरावांचा सिग्नल

सिग्नल हिरवा झाला आणि दौलतराव जागचे हलले नाहीत. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून समोर बघत बसले, कोणी धरून आणून बसवल्यासारखे. स्टील प्लांटची शिफ्ट नुकतीच सुटलेली. मागचे स्कूटरवाले हॉर्न बडवायला लागले. दिवा परत लाल झाला.

मागच्या सीटवर कलावतीबाईंनी पदर तोंडावर ओढला. ओळखीतल्या कोणी पाहिलं तर काय सांगायचं? दुर्गहून मालगाड्या ओढण्यात ह्या माणसाचा जन्म गेला, आणि रिटायर झाल्यावर चार चाकांचा हा डबा त्याला हलवेना. रुआबांध्याच्या मैदानात गाडी शिकताना तेवढा वाघ. तिथं ना सिग्नल ना गर्दी. दोन बकऱ्या चरायच्या, त्याही ह्यांची गाडी पाहून पळायच्या.

पुढे बापाशेजारी पीयूष बसला होता. सकाळीच पोरानं बजावलं होतं, बाबांनी आज हा चौक ओलांडला तर ठीक, नाहीतर गाडी विकून टाकायची. म्हणजे दुर्गला बहिणीकडे जायचं तरी पोराच्या सवडीकडे डोळे लावून बसा. ती सवड कलावतीबाईंना पक्की ठाऊक होती. "संडे को देखते हैं, आई," असं म्हणायचं आणि रविवारी दुपारपर्यंत लोळायचं.

दिवा पुन्हा हिरवा झाला.

"हिरवा," दौलतराव पुटपुटले. आणि तसेच बसून राहिले.

"बाबा, चलो ना. लोग गाली दे रहे हैं."

लाल.

"कावून नाही हालवली?" कलावतीबाईंचा आवाज चढला. "तोंडानं हिरवा म्हणता अन् पाय कोणाची वाट पाहून राहिले?"

दौलतरावांनी कपाळाचा घाम पुसला. "कोणी परत म्हटलंच नाही."

"काय म्हटलं नाही?"

"इंजिनात मी सिग्नल बोलतो. बाजूचा असिस्टंट आपल्या डोळ्यानं पाहते अन् तेच परत बोलते. मंगच गाडी हालते. एकट्याच्या भरवशावर मी कधी हालवलीच नाही. माहा पायच उठत नाही."

पीयूष फिसकन हसला. "अरे बाबा, ये कार है, मालगाडी नहीं."

ते हसणं कलावतीबाईंना झोंबलं. त्या घरात दौलतरावांना हसायचा हक्क एकीचाच होता.

"उतर," त्या म्हणाल्या. "मांगं येऊन बस. तुह्यासारखा असिस्टंट भेटला असता, तर तुह्या बापाची गाडी दुर्गच्या बाहेर निघाली नसती."

दिवा लाल होता तेवढ्यात त्या पदर खोचून पुढे येऊन बसल्या. नवऱ्याकडे पाहिलंही नाही. मागच्या ऑटोवाल्यानं काहीतरी म्हटलं, त्याला काचेतून एकदाच पाहिलं. तो गप्प झाला.

दिवा बदलला.

"हिरवा," दौलतराव म्हणाले.

कलावतीबाईंनी मान वर करून आपल्या डोळ्यांनी नीट पाहिलं. जिभेवर दोन-तीन टोमणे तयार होते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाचं एकही वाक्य त्यांनी दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"हिरवा," त्या म्हणाल्या, आणि गाडी हलली.