बहिरोबा

"भिंतीला चाळण्या ठोकून आवाज कमी होतो होय?" मी बोगद्याच्या भिंतीला भोकाभोकांचे पत्रे बसवणाऱ्याला विचारलं.

"मावशी, भोकांमागे लोकर भरलीय. आवाज आत जातो, परत येत नाही."

"आमच्या ह्यांचे कान तसेच गेलेत," मी म्हटलं.

रेल्वेखालच्या ह्या बोगद्यात आमची किल्ल्या बनवायची टपरी. शेजारच्या रस्त्यावरून दिवसभर गाड्या घुमत जायच्या. मी घसा फोडून हाका मारायचे आणि हे ढिम्म. घरी गेल्यावरही ह्यांच्या कानात बोगदाच घुमत असायचा. ह्यांना हॉर्न ऐकू यायचा नाही, ह्या धास्तीने रस्ता ओलांडताना मी रोज ह्यांचा शर्ट धरून चालायचे.

पत्रे लागल्यावरही गाड्या तितक्याच होत्या, पण त्यांचा आवाज गादीत तोंड खुपसल्यासारखा येऊ लागला. एका दुपारी हे पाठमोरे बसून किल्ली कानशीने घासत होते. मी चहा ठेवला आणि नेहमीसारखी स्वतःशीच पुटपुटले, "घ्या, बहिरोबा."

"बहिरोबा कुणाला म्हणतेस?"

ह्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. मी मात्र स्टुलावर बसूनच घेतलं. भांडायचं सोडून डोळे पुसत हसत राहिले. मग मुद्दामच अगदी हळू म्हटलं, "चहा निवतोय."

ह्यांनी कप उचलला.

संध्याकाळी रस्ता ओलांडताना माझा हात सवयीने ह्यांच्या शर्टाकडे गेला.

"आता कशाला धरतेस?" हे म्हणाले.

मला काही ऐकू आलं नाही.