गाठीपुरती जागा

मानदुखीसाठी केलेल्या तपासणीत टेलरमास्तरांच्या गळ्यात थायरॉइडची बारीकशी गाठ सापडली आणि त्यांच्या घशाखाली घास उतरेना. रोज टेप लावून ते स्वतःचा गळा मोजू लागले. लेकीच्या लग्नात घालायच्या शर्टाची कॉलरही त्यांनी मुद्दाम ढगळ ठेवली, गाठीला वाढायला जागा म्हणून! आज सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी गाठ आहे. सुई टोचून तपासायची गरजच नाही." "एकदा टोचून बघाच ना! जिवाला घोर नको," बायको हटून बसली. डॉक्टरीणबाईंनी हसत यंत्र स्वतःच्या गळ्याला लावलं. पडद्यावर गाठ उमटली, मास्तरांच्या गाठीहून चांगलीच मोठी. "ही माझी! कित्येक वर्षं गुण्यागोविंदानं नांदतेय. तुम्ही वर्षानं या." मास्तर खदखदून हसले. घरी पोचताच कॉलर उसवायला बसले. बायकोनं कात्री काढून घेतली. "असू द्या! महिनाभराचे राहिलेले घास उतरायला जागा नको?"