क्रेनबाई उठते

क्रेनबाई पडक्या पुलाखाली गाडली गेली, तेव्हा आईने उशीला टेकूनच विचारलं, आता काय?

हॉस्पिटलच्या खाटेवरच्या सरकत्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा होता. त्यामागे तिचा धाकटा मुलगा. टेबलावर खेळायचे खेळ रचणं हा त्याचा धंदा. सध्या सुपरहिरोंचा खेळ रचताना त्याच्या नाकी नऊ आले होते. चित्रकथेतला सुपरहिरो मरत नाही, पण हे फाशाला कोण सांगणार? फासा उलटा पडला की शहर वाचवणारा वीर जिन्यावरून घसरूनही मरतो. म्हणून त्याने मरणाचा नियमच काढून टाकला होता.

आईने आयुष्यभर कारखान्यात क्रेन चालवलेली. तिने आपल्या नायिकेचं नाव क्रेनबाई ठेवलं आणि पहिल्याच डावात त्याला धारेवर धरलं. मरायची भीतीच नसेल तर फासे कशाला, नुसती गोष्ट सांग, म्हणाली. मग नवा नियम आला. नायिका पडली की खेळ चालवणाऱ्याने आडोशामागे एक फासा टाकायचा. चार किंवा त्याहून जास्त पडले तर ती उठते. आकडा कुणाला दाखवायचा नाही, त्याचा शब्द प्रमाण.

धाकटा त्यात सर्रास लबाडी करायचा. एक पडो की दोन, क्रेनबाई आपली उठायचीच. खाटेशेजारी बसणाऱ्या त्याच्या ताईला हे ठाऊक होतं. केमोमुळे आईच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, डॉक्टर नजर चुकवायला लागले होते, तरी ताई आशा सोडायला तयार नव्हती.

"या वेळी उठली, तर पुढचा डोस घेते," आई म्हणाली. "नाही उठली, तर मला घरी न्या. मग त्यावर वाद नको."

धाकट्याने मान हलवली. ताई निर्धास्त झाली. आडोशामागे भाऊ होता, आणखी काय हवं? डॉक्टरांना होकार कळवायला ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

फासा खुळखुळला. धाकट्याने खाली वाकून आकडा पाहिला. मग त्याने आईकडे पाहिलं. सुयांनी काळेनिळे झालेले तिचे हात चादरीवर पडले होते.

"नाही उठली, आई," तो म्हणाला.

आईने डोळे मिटले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. ताई तरातरा परत आली, तिने आडोसा हिसकून बाजूला केला.

फाशावर सहा पडले होते.